उठून हसायचं राहिलं

पिक्चरमध्ये मेलेल्याचं काम केलं, की शॉट संपल्याबरोबर आपलं आपण उठून बसायचं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. हे लामदुआनला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मेकाँगच्या काठावरच्या त्या गावात शेंबड्या पोरांनाही ते ठाऊक होतं. कॅमेऱ्यानं तुम्हाला मेलेलं पाहिलं तर जिवंतही त्यानंच पाहायला हवं. नाहीतर तो तुम्हाला मेलेलंच धरून चालतो आणि मग दोन-तीन वर्षांत तुम्हालाही तसंच चालावं लागतं.

आणि तिच्याच नवऱ्याचं ते राहून गेलं होतं. आता तीन वर्षांनी सीतोन खांबांवर उभ्या घराखालच्या बांबूच्या माचावर पडून होता, पोट टम्म फुगलेलं, डोळे हळदीचं बोट फिरवल्यासारखे पिवळे. लामदुआन सकाळपासून रस्त्याकडे बघत होती. आज कॅमेरा यायचा होता.

तो पिक्चर काढणाऱ्याला सगळे आचान म्हणायचे, म्हणजे गुरुजी. बँकॉकचा भला माणूस, आवाज कधी चढला नाही. पण त्याच्या पिक्चरमध्ये काही होतच नसे. एक बाई बसून भात खाते, तर भात संपेपर्यंत आपण बघायचं. या पिक्चरमध्ये एक म्हातारा नावाडी भर दुपारी मरतो आणि पुढचा जन्म मिळेना म्हणून त्याचं भूत त्याच्याच प्रेताशेजारी वाट बघत बसतं. भुताचं काम पलीकडच्या गावातल्या एका शिक्षकानं केलं आणि प्रेताचं सीतोननं. "मला बोलायला दिलं नाही, म्हणून घेतलं," असं सीतोन गावभर सांगत फिरला. तो गप्प बसणाऱ्यांतला नव्हता.

आचाननं बाकी सगळं रीतसर केलं होतं. पहिल्या दिवशी डुकराचं डोकं उकडून वाढलं, उदबत्त्या लावल्या, जागेच्या देवतेपुढे लाल सरबताची बाटली नळीसकट ठेवली. मग प्रेताचा शॉट लागला. आचान "कट" म्हणेचना. फिल्म संपेपर्यंत, अकरा मिनिटं, कॅमेरा सीतोनच्या तोंडावर लावून तो स्वतःच ध्यानाला बसल्यासारखा उभा राहिला. संपलं तेव्हा सीतोन घोरत नव्हता इतकंच, बाकी गाढ झोपलेला दिसत होता. कॅमेऱ्याची मदतनीस पोरगी, तांगमो, हळूच येऊन म्हणाली, "मावशी, काकांना उठवू ना? हसायचं राहिलंय."

"झोपू दे गं," लामदुआन म्हणाली होती. "चार दिवस डोळ्याला डोळा नाही त्याच्या."

एवढंच ती बोलली. तीन वर्षं ते वाक्य तिची पाठ सोडत नव्हतं. कॅमेरा पेटीत गेला, पेटी गाडीत गेली, गाडी बँकॉकला गेली, आणि तिचा नवरा तिकडे मेलेला तो मेलेलाच राहिला.

जिल्ह्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, तिनं समजावून सांगितलं. कच्च्या माशातून किडा जातो, पित्ताच्या नळीत घर करतो, वर्षानुवर्षं राहतो, मग गाठ होते. आता कापण्यासारखं काही नाही. घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. त्याला आवडायचे ते कच्चे मासेच, लिंबू पिळून, लाल मुंग्यांची अंडी घालून. आणि चाळीस वर्षं ते तिनंच चिरून वाढले होते. म्हणजे डॉक्टरणीचं ऐकलं तरी हात तिचाच आणि गावाचं ऐकलं तरी तोंड तिचंच. पण माशांचं आता काही करता येण्यासारखं नव्हतं. कॅमेऱ्याचं होतं. म्हणून ती कॅमेऱ्याला धरून बसली.

शेजारची सुत्ता आजी मात्र दुसरंच घेऊन आली होती. भाताच्या भांड्याच्या बुडाची काजळी, केळीच्या पानावर खरवडून.

"असू दे तुझ्याकडे," आजी म्हणाली. "गेला की घोट्यावर बोट ओढ. पुढल्या जन्मी डाग घेऊन येईल, ओळखशील. माझा भाऊ आला ना नातीच्या पोटी, कानामागे एवढा डाग."

"मग? ओळखतो तुला?"

"कसला ओळखतो. भेटला की मोबाइल मागतो."

"तेच ना, आजी. मी साठीची आणि तो तान्हा. मांडीवर घेऊन काय करू त्याला? कुणाच्या तरी घरी जन्मेल आणि मला आजी म्हणेल. मला नातू नकोय, नवरा हवाय. हाच. हाच माणूस, ह्याच घाणेरड्या लुंगीतला."

आजी उठली. पान तिथेच जिन्याच्या पायरीवर ठेवून गेली. लामदुआननं ते उचलून कोंबड्यांपुढे फेकलं.

आचानला तिनं किती फोन केले याची गणती नव्हती. तो परदेशात कुठल्याशा महोत्सवात होता. एकदाचा लागला, तेव्हा तिनं सगळं एका दमात सांगितलं, आणि पलीकडे एवढी शांतता झाली की फोन कटला असं तिला वाटलं. पिक्चरसारखाच तो फोनवरही थांबायचा. शेवटी म्हणाला, "चूक माझी, मावशी. मीच उठवायला हवं होतं." ती चूक त्याची नव्हती, पण लामदुआननं ती त्याच्याकडेच राहू दिली. तांगमोला पाठवतो म्हणाला, तोच कॅमेरा देऊन.

तांगमो दुपारच्या बसनं आली. खांद्यावर पेटी, हातात तीन पायांचं तिकाटणं, घामानं भिजलेली. माचाजवळ येऊन तिनं हात जोडले आणि सीतोनकडे बघितल्यावर तिला हात खाली घ्यायचं सुचेना.

"कलिंगडा, आलीस का," सीतोन म्हणाला. तांगमो म्हणजे कलिंगडच, आईबापांनीच ठेवलेलं नाव. "वाळलीस गं. बँकॉकमध्ये पाणी घालत नाहीत वाटतं तुला."

"तुम्हीच वाळलात, काका."

"मी कुठे. पोट बघ माझं. आठवा लागलाय."

लामदुआनला असल्या गप्पांना सवड नव्हती. "फिल्म किती आहे?" तिनं विचारलं.

"एकच डबा, मावशी. अकरा मिनिटं. ही फिल्म आता सहजी मिळत नाही."

"पुरे तेवढी. हसायला किती लागतंय."

तिनं सीतोनला तीच लुंगी नेसवली, तीच उशी दिली, आणि माच ओढून त्या दिवशी जिथे होता तिथे खांबाशी आणला. मेलेला झोपला तसाच उठला पाहिजे, नाहीतर कॅमेऱ्याला कसं कळणार हा तोच म्हणून. सीतोन सगळं निमूट करून घेत होता. "मरायचा सराव तर चाललाच आहे," तेवढं एक म्हणाला आणि डोळे मिटले.

कॅमेरा घरघरायला लागला. लामदुआननं मनात वीस अंक मोजले.

"हं. ऊठ आता."

त्यानं कोपर टेकलं. मान उचलली, खांदा उचलला, आणि अर्ध्यात पोटातून असा कण्हला की खालची कुत्री उठून लांब गेली. ओठ फाकले होते, दात दिसत होते, पण त्याला हसू म्हणायला कुणी धजलं नसतं.

"छान आलं, मावशी," तांगमो म्हणाली. "हसल्यासारखंच आहे."

"मला शिकवू नकोस. पुन्हा."

दुसऱ्यांदा लामदुआननं माचामागे बसून त्याच्या पाठीला हात दिला. हाडं हाताला लागत होती. तो उठला खरा, बसलाही, पण तांगमो चाचरत म्हणाली, "हात दिसतोय तुमचा." आणि दिसला नसता तरी काय. आपलं आपण उठायचं असतं. दुसऱ्यानं धरून बसवलं तर त्याला जिवंत झाला असं कोण म्हणेल? तिनं हात काढला तसा तो तिच्या मांडीवर कलंडला.

"पुन्हा एकदा," ती म्हणाली. "एकदाच. तुझ्या पाया पडते, म्हाताऱ्या."

"लामदुआन, पुरे."

"पुरे नाही. अजून फिल्म आहे."

"पुरे म्हणतो ना. मला मेलेलाच राहू दे." तो धाप टाकत थांबला. मग हळू म्हणाला, "त्या दिवशी मी जागा होतो."

तिला आधी कळलंच नाही.

"कलिंगडानं विचारलं, तू म्हणालीस झोपू दे. ऐकलं मी. उठायचं असतं हे मलाही माहीत होतं. पण पोटात महिनाभर कळ येत होती आणि तिथे पडलो तेव्हा पहिल्यांदा थांबली. आचान गप्प, सगळे गप्प, वारा होता. म्हटलं, राहावं असंच. कशाला उठायचं."

"महिनाभर कळ येत होती आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मासे बंद केले असतेस."

लामदुआन त्याच्याकडे बघत राहिली. तीन वर्षं ती स्वतःला खात होती, रोज सकाळी भिक्खूंच्या पात्रात भात घालताना मनातल्या मनात माफी मागत होती, आणि हा ऐकून पडून राहिला होता. तिच्या म्हणण्यानं तो पडून राहिला नव्हता, आपल्या मर्जीनं बायकोला टाकून मजेत मेला होता. राग तिच्या डोक्यात गेला, आणि रागाच्या खाली जे होतं ते रागाहून वाईट होतं. तिला एकटीनं जगायचं नव्हतं. इतकं साधं होतं ते.

"किती उरली?" तिनं तांगमोला विचारलं.

"तीन मिनिटं असतील."

"लाव माझ्यावर."

ती माचावर चढली, सीतोनला अंग चोरायला लावून त्याच्या शेजारी उताणी झाली, नेसण नीट केलं, हात छातीवर जोडले आणि डोळे मिटले.

"मावशी, नको," तांगमोला कळलं होतं. "मी नाही करणार हे."

"लाव, नाहीतर तो कॅमेरा उचलून नदीत टाकते. आणि संपल्यावर मला उठवायचं नाही. समजलं? मी उठणार नाही, हसणार नाही. तसंच पेटीत घालून घेऊन जा मला."

तिकाटणं सरकल्याचा आवाज आला. मग कॅमेरा घरघरला. पोरगी रडत होती, नाक ओढल्याचं ऐकू येत होतं. लामदुआननं श्वास हळू केला. मेलेलं असणं अवघड नव्हतं. सीतोनच्या अंगाला औषधाचा आणि आंबट घामाचा वास येत होता आणि तिला वाटलं, असंच दोघांनी जावं, वर्षभरात, दीड वर्षात, मागेपुढे फार नको.

शेजारी सीतोन खाकरला. मग त्यानं विलाप सुरू केला. गावात कुणी गेलं की बाया करतात तसा, हेल काढून, गुण आठवत. आवाजात जीव नव्हता, तरी हेल अचूक होता.

"अगं माझी बायको गेली गं. माझी गुणाची बायको गेली. चाळीस वर्षं हिनं मला भात घातला. चाळीस वर्षांत भांड्यातलं पाणी कधी आटू दिलं नाही, भात कधी करपवला नाही." तो थांबला. दम घेतला. "दोनदा करपवला."

लामदुआन हलली नाही.

"दोनदा नाही, तीनदा. मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलू नये. नव्या घराच्या पूजेला सबंध गावाचा भात करपला. भिक्खू उपाशी गेले. एक भिक्खू तर चीवर सोडून संसारी झाला म्हणतात."

"ती तुझी बहीण होती," लामदुआन म्हणाली.

ती उठून बसली होती. "तुझ्या बहिणीनं करपवला तो. मी विहिरीवर होते. आणि तो भिक्खू शिंपिणीच्या मागे लागून गेला होता, भातासाठी नाही."

सीतोननं पिवळे डोळे तिच्याकडे वळवले. "बघ गं कलिंगडा," तो म्हणाला. "मढं भांडतंय."

आणि तिला हसू फुटलं. तिनं तोंडावर हात दाबला, ओठ चावले, मान फिरवली, ती नेमकी कॅमेऱ्याकडे फिरली. हसू बोटांतून बाहेर आलं. थांबवावं तसतसं वाढत गेलं, पोट दुखेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तांगमो भिंगाला डोळा लावून बसली होती, तिनं तो काढला नाही. मग कॅमेऱ्याचा आवाज बदलला, नुसता फटफटायला लागला, आणि तिनं तो बंद केला.

"आलं का?" सीतोननं विचारलं.

"आलं, काका."

"आपलं आपण उठली ना? कुणी हात नाही लावला?"

"नाही लावला."

"मग झालं," असं म्हणून त्यानं डोळे मिटले.

तेव्हा लामदुआनला कळलं, त्यानं काय केलं ते. "काढून टाक ते," ती तांगमोला म्हणाली. "माझं ऐक, पोरी. ते शेवटचं तेवढं काढ."

"ते निघत नाही, मावशी."

"सीतोन, तू मला मागे ठेवलंस," ती म्हणाली. त्यानं डोळे न उघडता तिचा हात चाचपडून धरला. मग ती रडायला लागली. ते घ्यायला फिल्म उरली नव्हती.