जबडा आणि इतर आवळलेल्या जागा

"बाबा, दात आवळले की ढुंगण आवळलं जातं, की ढुंगण आवळलं की दात?"

मैत्रिणींची पैज एवढीच होती: प्रश्न बाबांच्या दवाखान्यात विचारायचा, तोही खुर्चीत पेशंट असताना. दोघी काचेला नाकं चिकटवून बाहेर उभ्या होत्या. खारूताईने पैज जिंकली. खुर्चीतले आजोबा तोंडात कापसाचे बोळे असताना असे काही हसले, की लाळ ओढणारी नळी सटकून थेट बाबांच्या बाहीत शिरली.

खारूताई हे नाव बाबांनीच पाडलेलं. पोरगी झोपेत करकर दात खायची, म्हणून दातांच्या या डॉक्टरांनी झोपताना दातांवर चढवायला तिच्या मापाचं प्लास्टिकचं कवच, म्हणजे नाइट गार्ड, बनवला. तिने तो कुरतडला. दुसराही. सध्या तिसऱ्यावर काम चालू होतं.

बाबा नळी जागेवर लावत म्हणाले, "आधी मन आवळतं. मग मेंदूचा हुकूम मज्जातंतूंतून सुटतो आणि हाताशी येईल तो स्नायू कामाला लागतो. जबडा बिचारा पहिला सापडतो."

"आणि ढुंगण?"

"तेही नोकरीलाच आहे. आता बाहेर हो."

"असू द्या हो," आजोबा बोळे सावरत म्हणाले, "पुढच्या डॉक्टरीणबाई ना या?"

झालं. खारूताईच्या गालात अक्रोडाएवढा गोळा टणकन उभा राहिला. तिने तो बोटाने चाचपला. दुसऱ्या टोकालाही हजेरी लागलेली होती.

बाहेर काउंटरवर आई दवाखान्याच्या नव्या पाटीचा नमुना न्याहाळत होती. बाबांच्या नावाखाली एक ओळ कोरी, लेकीसाठी राखलेली. खारूताईने त्या ओळीकडे पाहिलं, गोळा हजर. कुंडीतल्या रोपाकडे पाहिलं, गोळा गुल. परत पाटी, परत हजर. मैत्रिणींना वाटलं, हिला गालात उचकी लागलीय.

जेवायला बसल्यावर बाबांनी तिसरा गार्ड दिव्यासमोर धरला. आरपार भोक.

"चौथा जरा जाड करू," ते म्हणाले.

"लोखंडाचा करा," आई म्हणाली. "पाटी मात्र उद्या रंगवायला टाकतेय मी."

खारूताईने गालावर बोट ठेवलं.

"चौथा नको. आणि आई, ती कोरी ओळ काढून टाक. मी दातांची डॉक्टर होणार नाही."

आईचा घास हातातच राहिला. बाबांनी गार्ड खाली ठेवला.

"काय होणार ते अजून ठरलं नाही. पण हे ठरलंय." तिने गाल बाबांच्या पुढे केला. "चाचपून बघा, लोणी झालंय. दुसऱ्या टोकाबद्दल मात्र माझ्या शब्दावर विश्वास ठेवा."