बारा इंची गोल तुकडा

चौथा स्क्रू निघाला तेव्हा संगीत शिकवणाऱ्या बाई दुसऱ्यांदा म्हणाल्या, "राहू द्या हो, ड्रम चांगला आहे."

"कसला चांगला? नुसता धप्प वाजतोय. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा."

तो सोफे दुरुस्त करणारा माणूस. बिघडलेली वस्तू समोर दिसली की त्याचे हात गप्प बसत नसत. शाळेतून मुलीला न्यायला आला, तर तालीम चालू होती. बावीस मुलं गात होती आणि जन्मापासून ऐकू न येणारी त्याची नऊ वर्षांची लेक मागच्या रांगेत ड्रम वाजवत होती. गाणाऱ्यांचे खांदे बघून ती ताल धरायची. एकही ठोका चुकला नव्हता. मुडदा पडला होता तो ड्रमच्या आवाजाचा.

सहावा स्क्रू निघाला. वरचं कडं उचलून त्याने कातडं बाजूला केलं आणि तसाच बसून राहिला.

आत स्पंज होता. पिवळा, गोल, बारा इंची, कडेला तिरका काप. तसा काप त्याच्याशिवाय कुणी देत नसे. महिन्यापूर्वी बाई दुकानात आल्या होत्या, स्टुलावर ठेवायला हवाय म्हणून. लेकीच्या बाई म्हणून त्याने हौसेने सगळ्यात दाट स्पंज काढला, मापात कापला, वर चहाही पाजला.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय आहे?"

"कार्यक्रमाला एवढी माणसं येणार," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "ही मध्येच चुकली तर सगळ्यांची मेहनत पाण्यात. आणि तिला कुठे काय कळतंय? तिचीही हौस होते, कुणाचं नुकसानही नाही."

"चुकली का एकदा तरी?"

"तसं नाही, पण..."

तेवढ्यात लेक पुढे आली. स्पंज बघून तिला काही नवल वाटलं नाही. काठ्या काखेत मारून तिने हातांनी घाईघाईने काहीतरी सांगितलं. त्याने पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा तेच सांगितलं.

"काय म्हणतेय?" बाईंनी विचारलं. तीन वर्षं शिकवत होत्या, पण तिची एक खूण शिकायला काही त्यांना सवड झाली नव्हती.

"म्हणतेय, हाताला थरथर लागेना, तेव्हाच मला कळलं होतं. बाबा, ते लवकर परत आत घाल, नाहीतर बाई मला काढून टाकतील."

बाई पियानोचं झाकण पुसू लागल्या.

त्याने स्पंज उचलून त्यांच्या हातात दिला. वर स्क्रू ड्रायव्हरही ठेवला.

"मी घालणार नाही. घालायचा तर तुम्ही घाला. पण आता तिच्यासमोर घाला."

तो काय बोलला ते लेकीला कळलं नाही. ती काठ्या हातात घेऊन बाईंकडे बघत उभी राहिली.