उणे एकशे शहाण्णव

आमचे मालक अख्ख्या अंथुर्ण्यात डॉक्टर. माणसांचे नव्हे, गाईंचे. आणि गाईंचेही पूर्ण नव्हेत, फक्त भरवण्यापुरते. गाय माजावर आली की लोक यांना बोलवायचे आणि हे गाडीवर नायट्रोजनचा डबा बांधून निघायचे. त्या डब्यात जातिवंत वळूंचं बीज गोठवून ठेवलेलं असतं. सावळारामचा हात लागला की गाय उलटत नाही, असं लोक म्हणायचे. उलटणं म्हणजे गाभ न राहता परत माजावर येणं.

आणि अशा माणसाच्या घरात मी, लग्नाला सहा वर्षं झालेली आणि दर महिन्याला उलटणारी. हा शब्द माझा नाही, आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूचा.

शहाण्णव साली बारामतीच्या ज्योत्स्ना मॅडमनी दोघांच्या तपासण्या केल्या. माझं सगळं ठीक निघालं. कमी होतं ते मालकांचं. त्यांचं बीज धुऊन, निवडून, नळीनं माझ्या गर्भाशयात सोडायचं, असा उपाय मॅडमनी सांगितला. "म्हंजी आमचंच काम की," मालक म्हणाले. पण परत येताना कालव्याच्या पुलावर गाडी थांबवून त्यांनी मला चक्क हात जोडले. "आयेला सांगू नगंस. सवताचं हुईना आन आमच्या गाई भरवतोय, म्हनतील लोकं."

मी कबूल झाले. मूर्खच मी. कारण गोळ्या मात्र मलाच होत्या, पाळीनंतर पाच दिवस, अंडी नीट तयार व्हावीत म्हणून. दोष यांचा आणि गोळ्या मला. आत्याबाईंना त्या गोळ्या दिसायच्या, आणि ज्याला औषध त्याचाच रोग, एवढं कुणालाही कळतं.

दोन खेपा वाया गेल्या. तिसरीच्या आधी आत्याबाईंनी जेवताना सांगून टाकलं, "तीनदा उलटल्याली गाय कुनी दावनीला ठेवत न्हाय." सांगवीच्या त्यांच्या भावाची मुलगी त्यांनी दुसरी म्हणून बघून ठेवली होती. तिचं नाव नकोशी, आणि आमच्या घराला आता तीच हवीशी झाली होती. मालक भाकरी चावत राहिले. आता मॅडमना तोंडावर विचारून एकदाचा निकाल लावायचा म्हणून आत्याबाई या खेपेला स्वतःच बारामतीला निघाल्या.

आधीच्या दोन्ही वेळा मालकांनी दवाखान्याच्या संडासात बीजाची बाटली दिली होती. बाहेर कोणी ना कोणी कडी वाजवायचं आणि यांना जमता जमता दुपार व्हायची. म्हणून या वेळी बाटली घरूनच आणा, असं ठरलं. ती कशी आणायची हे सिस्टर सांगायला लागल्या, तर मालकांनी त्यांना मध्येच तोडलं. "सिस्टर, पंधरा वर्सं ह्येच करतूय मी. मला शिकवू नगा."

मी आणि आत्याबाई सकाळच्या एसटीनं पुढे गेलो. सोनोग्राफीत अंडं फुटायला आलेलं दिसलं. मॅडम खूश होत्या. अकराच्या सुमाराला मालक आले ते खांद्यावर नायट्रोजनचा डबा घेऊन.

त्यांनी ऐटीत झाकण काढलं. पांढरी वाफ भसाभसा बाहेर आली आणि फरशीवरून पसरली. बाकावरच्या बायकांनी पाय वर घेतले, एक तर पोट धरून रस्त्यापर्यंत गेली. मालकांनी चिमट्यानं बाटली काढून टेबलावर ठेवली. ती खडा ठेवल्यासारखी वाजली.

मॅडम बाहेर आल्या. "हे काय केलंत?"

"उणं एकशेशहान्नव," मालक म्हणाले. "धा वर्सं हालत न्हाय आता."

"अहो, अंगाच्या उबेत आणायची होती. खिशात, काखेत. वळूचं बीज औषधात मिसळून गोठवतात, तुम्ही तसंच गोठवलंत. यात एकही जिवंत नसेल. दोन कोटी लागतात तिथं तुमचे आधीच तीस लाख."

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. "तीस लाख? कुनाचं?"

"यांचे," मॅडम म्हणाल्या.

"आन मला पत्र्याच्या घरात ठिवलंस व्हय रं?"

सगळा दवाखाना हसला. मला मात्र हसू आलं नाही. मी मालकांकडे बघत होते. काहीही सांगितलं असतं तरी आत्याबाईंना खरं वाटलं असतं. आणि मी तर शब्दानं बांधलेली. त्यांनी डब्याला झाकण लावलं.

"पैसं न्हायती, आये. माझ्या बीजातलं जीव हायती त्ये. लय कमी हायती. विजयमालात काय बी खोट न्हाय. वरीस झालं, म्हाईत हाय मला."

मला रडू फुटलं. आनंद झाला आणि रागही आला; दोन वाक्यांचं काम होतं आणि त्याला या बाबानं वर्ष लावलं.

आत्याबाई मॅडमकडे वळल्या, "मंग दुसरी केली आसती तर?"

"तिलाही हेच झालं असतं, आजी."

तासाभरात दुसरी बाटली दिली तर अजून वेळ गेलेली नाही, असं मॅडम म्हणाल्या. मालक संडासात गेले. आत्याबाईंनी दाराबाहेर स्टूल टाकलं आणि जो येईल त्याला सांगत बसल्या, "आत मानूस कामात हाय." पाऊण तासानं दार उघडलं, तेव्हा त्यांनी मालकांच्या हातातून बाटली काढून घेतली, पदरात गुंडाळली आणि छातीशी धरून लॅबपर्यंत नेली. लॅब दहा पावलांवर होती.

त्या खेपेलाही राहिलं नाही. आमची लेक सृष्टी व्हायला अजून दोन खेपा जायच्या होत्या. सोळाव्या दिवशी सकाळी पाळी आली आणि मी चुलीपाशी आत्याबाईंना हळूच सांगितलं. सहा वर्षं ही बातमी त्यांनी अंगणात उभं राहून आळीला ऐकवली होती, "हिचं न्हाय राहिलं" म्हणून. त्या दिवशीही त्या उठून दारात गेल्या. बाहेर मालक डबा बांधत होते आणि गाई दाखवायला त्यांना न्यायला आलेले तिघे शेतकरी उभे होते.

"सावळाराम," त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "तुजं ह्या खेपंला बी राहिलं न्हाय रं."

तिघेही आपापल्या चपलांकडे बघायला लागले.

"व्हय, आये," मालक दोरी आवळत म्हणाले. "फुडच्या म्हैन्यात परत जाऊ."

पोटात कळा येत होत्या, आणि मी पदर तोंडात धरून हसत होते.