बाबा झोपलेत

सकाळी तो बेकरीतून घरी आला की घर मिटून जायचं. त्याच्या अंगाला पिठाचा आणि जळक्या साखरेचा वास असायचा, भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. दाराशी जुन्या चादरीची चौपदरी घडी अंथरलेली होती, त्यामुळे चपलांचासुद्धा आवाज होत नसे. तो लेकीच्या नाकाला पिठाचं बोट लावायचा, तिच्याकडे बघून डोळे मिचकावायचा आणि आतल्या खोलीत जाऊन आडवा व्हायचा, तो थेट दुपारी उठायचा. दोनच खोल्या, आणि मधे प्लायवूडची भिंत. पलीकडे कुणी कूस बदलली तरी अलीकडे कळावं इतकी पातळ.

लेक तान्ही असताना रडून घर डोक्यावर घ्यायची. त्याच्या डोळ्याला डोळा लागत नसे. तेव्हाच एकदा भट्टीसमोर उभ्या उभ्या त्याला डुलकी लागली आणि तापलेला ट्रे त्याने उघड्या हाताने धरला. उजव्या तळव्यावर अजून गुळगुळीत, गुलाबी चट्टा आहे. मालक म्हणाला होता, "पुन्हा असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मला पाव हवेत, बोटं नकोत." हे वाक्य त्याने घरी हसत हसत सांगितलं होतं. बायको मात्र हसली नव्हती.

तिने त्या दिवसापासून घर गप्प करायला घेतलं. बिजागऱ्यांना तेल घातलं. दाराची घंटा काढून टाकली. चमचे फडक्यावर ठेवायचे, बादली भरताना नळाला चिंधी बांधायची, फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचं, टीव्ही बिनआवाजाचा बघायचा. आणि लेक रांगायला लागल्यावर हातांच्या खुणा आल्या. मूठ छातीशी धरली की बाबा झोपलेत. टेबलाच्या पायावर बोटाने दोनदा टकटक केलं की इकडे बघ. तळवा गालावर घासला की दूध. या खुणा कुणी बसून ठरवल्या नव्हत्या. चादरीच्या घडीसारख्या त्या घरात पडत गेल्या आणि मग तिथेच राहिल्या.

लेकीला तो लाटी म्हणायचा, गोलमटोल म्हणून. लाटी आता तीन वर्षांची होत आली होती आणि तोंडातून एक शब्द काढत नव्हती.

डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला. सगळं ठणठणीत होतं. "काही मुलं उशिरा बोलतात, वाट बघा," म्हणाले. वाट बघायला तिची ना नव्हती, पण बालवाडीची होती. प्रवेशाच्या वेळी तिथल्या बाईंनी विचारलं, "नाव काय गं तुझं?" लाटीने बाईंकडे बघितलंच नाही. ती आईच्या हातांकडे बघत राहिली. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात परत आणा. दोन शब्द बोलली तरी चालेल. नाहीतर मात्र, ताई, तुम्हाला तिच्यासाठी वेगळी शाळा बघावी लागेल. आमच्याकडे तशी सोय नाही."

वेगळी शाळा. तेव्हापासून ती डोळ्यांत तेल घालून लेकीच्या ओठांकडे बघायची, जेवताना, झोपताना, आंघोळ घालताना.

सासूबाईंचा फोन यायचा. "आमच्याकडे सात पिढ्यांत कुणी मुकं नाही. तुमच्या घराण्यात बघ जरा."

आईचा फोन यायचा. "बापावर गेलीये. तो तरी कुठे बोलतो? लग्नात सुद्धा मान डोलावून मोकळा झाला होता."

जिन्यात बसून, फोन कानाला लावून, ती दोघींचं ऐकून घ्यायची आणि मग खरंच मनातल्या मनात घराणी धुंडाळायची. एक मावशी पाचव्या वर्षी बोलली होती म्हणे. सासऱ्यांचा एक भाऊ तोतरा होता. रक्तात काय काय असेल कुणास ठाऊक.

दुपारी तो उठला की लाटीला त्याच्या हवाली करून ती कॉलेजात जायची. तासावर पैसे मिळणारी नोकरी, विषय समाजशास्त्र. त्या आठवड्यात पहिल्या वर्षाला 'संस्कृती: अर्थ आणि वैशिष्ट्ये' हे प्रकरण चालू होतं. वर्ग जेवून आलेला, पंखा गरगरत गरम हवाच खाली ढकलणारा. तिची पाठ सकाळपासून दुखत होती. दरवर्षीचंच ती सांगत होती, आवाज जणू तिच्या आधीच पुढे चालला होता.

"संस्कृती जन्माने मिळत नाही. डोळ्यांचा रंग रक्तातून येतो, संस्कृती शिकावी लागते. पुष्कळदा शिकवणाऱ्याला आपण शिकवतोय हे माहीत नसतं आणि शिकणाऱ्याला आपण शिकतोय हे. लिहून घ्या. पुढचा मुद्दा, ती एकट्याची नसते..."

मागच्या बाकावर खसखस पिकली. तिने न बघताच टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं आणि पुढे बोलणार, तोच तिला दिसलं. लंबू म्हणून सगळे ज्याला चिडवायचे त्या उंच मुलाने शेजाऱ्याकडे बघून मूठ छातीशी धरली होती. शेजारी गप्प झाला. पलीकडच्या मुलीने तीच मूठ पुढच्या बाकाला दाखवली. वर्ग शांत झाला.

तिच्या हातातला खडू तसाच राहिला. "हे काय आहे?"

"काय, मॅडम?"

"ही मूठ. कुठे शिकलात हे?"

वर्ग हसला. लंबू उभा राहिला, कानापर्यंत लाल. "तुम्हीच करता की, मॅडम. गप्प बसा म्हणायचं असलं की."

"मी?"

"कायम," पलीकडची मुलगी म्हणाली. "आणि टकटक म्हणजे इकडे बघा. आता कॅन्टीनमध्येसुद्धा चालतं आमचं हे. बाकीच्या वर्गांना कळत नाही, आम्हाला मजा येते."

"मी शिकवलं नाही तुम्हाला."

"नाही ना! पण आलं," लंबू म्हणाला, आणि वर्ग पुन्हा हसला.

ती खुर्चीवर बसली. ती कधी बसत नसे शिकवताना. "आजच्यापुरतं एवढंच," म्हणाली. मुलं खुशीत बाहेर पळाली आणि ती फळ्याकडे बघत राहिली, तिथे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'जन्माने मिळत नाही'. दरवर्षी लिहायची. आणि जिन्यात बसून दोन घराण्यांची रक्तं तपासायची.

घरी पोचली तेव्हा तो जमिनीवर बसून लाटीबरोबर पिठाचं मांजर करत होता. ती दारातच थांबली आणि आज पहिल्यांदा लेकीच्या ओठांकडे न बघता हातांकडे बघितलं. लाटीने तळवा गालावर घासला आणि मांजराकडे बोट केलं. मांजराला दूध हवं. त्याने रिकामी वाटी पुढे केली. लाटीने मान हलवली, नाकाला पीठ लावलं, दोन बोटं जमिनीवरून चालवली, मग मांजराकडे बघत मूठ धरली. बाबा बेकरीत गेला की मांजर झोपेल. ही खूण त्यांनी तिला शिकवलीच नव्हती. ती तिने स्वतः जोडली होती, जशी मुलं शब्दाला शब्द जोडतात.

लाटी केव्हाची बोलत होती. त्या घरात जसं बोलतात तसं.

तिला आधी इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि लगेच तेवढीच भीती वाटली. म्हणजे हे आपणच केलं.

तिने त्याला सगळं सांगितलं. तो चट्ट्यावर अंगठा घासत ऐकत होता. "मग मी काय करू? भट्टीत झोपू?"

"असं कुठे म्हणतेय मी?"

"मग? आवाज झाला तर झोप होत नाही. झोप झाली नाही तर..." त्याने तळवा पुढे केला. तो पुढे करायची गरज नव्हती.

"माहीत आहे रे मला. मीच तर गप्प केलं हे घर. पण तिला वाटतंय जगात असंच बोलतात. तिला वेगळ्या शाळेत घालायचं का, तुझ्या झोपेपायी? माझ्या भीतीपायी?"

त्याने तळवा मिटून घेतला. मग म्हणाला, "एक विचारू? मी जागा आहे. संध्याकाळ झालीये. आपण का कुजबुजतोय?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि वर्गात बोलते तसा मोठा आवाज काढायचा प्रयत्न केला. आवाज फाटका निघाला, दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा. लाटी मांजर टाकून धावत आली आणि आईसमोर उभी राहून कपाळाला आठ्या घालत मूठ छातीशी धरली. गप्प. बाबा झोपलेत.

"अगं लाटे, मी जागा आहे, बघ," तो म्हणाला. लाटीने त्याच्या पापण्यांना बोट लावून बघितलं. डोळे उघडे होते, पण तिने मूठ काही सोडली नाही.

तेव्हा त्याने तिची मूठ आपल्या हातात घेतली आणि एकेक बोट सोडवलं. करंगळी, अनामिका, मधलं, पहिलं, शेवटी अंगठा. "बाबा उठले," तो म्हणाला. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. गप्प राहण्याची खूण त्या घरात होती, बोलण्याची नव्हती. ती त्या संध्याकाळी झाली.

दुसऱ्या दिवसापासून तो झोपला की ती लाटीला घेऊन बाहेर पडायची. स्वयंपाक मागे पडायचा, तपासायचे पेपर मागे पडायचे, सकाळची तिची घटकाभराची झोप तर गेलीच. घराजवळ रुळांवरचा पूल होता, खाली मालगाड्यांचा खडखडाट. इथे कुणी कुणाची झोप मोडणार नव्हतं. ती कठड्याला टेकून ओरडायची, "ए गाडी! कुठे चाललीस?" पहिल्या दिवशी एक सायकलवाला वळून बघत राहिला. लाटी दचकून मूठ धरायची, ती एकेक बोट सोडवायची. रोज तेच. पाय भरून यायचे, घसा बसायचा, लाटी गप्पच. कधी कधी तिला वाटायचं, आपलं चुकतंय, डॉक्टरांचंही चुकतंय, सासूबाईंचंच बरोबर असेल.

एका सकाळी लांबच लांब मालगाडी आली. पूल थरथरत होता. लाटी जाळीला चेहरा चिकटवून खाली बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. आई वाकली, कान जवळ नेला, पण डब्यांच्या धडधडीत काही म्हणजे काही ऐकू येईना. गाडी गेली तेव्हा ओठ मिटलेले होते.

"काय म्हणालीस, राणी? सांग ना. काय म्हणालीस?"

लाटीने दोन बोटं कठड्यावरून चालवली. गाडी गेली.

दुपारी तो उठल्याबरोबर ती म्हणाली, "बोलली."

"काय?"

"ऐकू नाही आलं."

तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग हसू लागला, त्यांच्या घरात हसायचे तसा, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. तिलाही हसू आलं, आणि मग थोडं रडूही.

बालवाडीच्या दिवशी तो बेकरीतून परस्पर आला, भुवया न धुता. "तू झोप जा, मी नेते तिला," असं ती दोनदा म्हणाली. त्याने ऐकलं नाही. तो बाहेरच्या बाकावर बसला, त्या दोघी आत गेल्या.

"या या! आज बोलणार ना आपण?" बाईंचा आवाज खणखणीत होता. लाटीची मूठ लगेच छातीशी गेली. आईने टेबलाखाली आपली मूठ उघडायला सुरुवात केली, करंगळी, अनामिका. लाटी आईच्या हाताकडे बघत होती, शेवटच्या अंगठ्यापर्यंत.

"नाव काय तुझं?"

लाटी काहीतरी बोलली. ओठांच्या टोकावर, श्वासाएवढं.

"अं? मोठ्याने बोल, बाळा."

लाटीने पुन्हा तसंच सांगितलं. बाई खुर्चीवरून उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. लाटीने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. आधी नाव, मग आणखी काहीतरी, बरंच लांब, त्यात गाडी होती, मांजर होतं. "हो? मग?" बाई कुजबुजल्या. कपाटाजवळ खेळणी लावणाऱ्या मदतनीस बाईंनी हातातला ठोकळा न वाजवता खाली ठेवला. खोलीतली दोन-तीन मुलं काय चाललंय ते बघायला पाय न आपटता जवळ आली.

"सोमवारपासून पाठवा," बाई तिच्याकडे वळून हळूच म्हणाल्या. "वर्गात मोठ्याने बोलावं लागेल हं. पण ते येईल."

"हो," तीही तितक्याच हळू म्हणाली.

बाहेर रस्ता भरून वाहत होता. हॉर्न, फेरीवाल्यांच्या हाका, कुणीतरी पत्रा कापत होतं. बाकावर तो बसल्या बसल्या झोपला होता, मान एका बाजूला, चट्ट्याचा तळवा मांडीवर उघडा पडलेला. त्याला उठवून सांगावं म्हणून ती पुढे झाली. तेवढ्यात लाटीने तिचं बोट ओढलं. लाटीची मूठ अर्धी वर आली होती. ती तशीच मधे थांबली.

"बाबा झोपलेत," लाटी म्हणाली. हळू, पण ऐकू येईल असं.

ती त्याला न उठवता शेजारी बसली, लेकीला मांडीवर घेतलं, आणि रस्ता वाजतोय तसा वाजू दिला.