मूठभर विरजण

रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता सुचित्राने मला भाताच्या टोपात काढलं, आणि माझं सगळं आयुष्य उलटंपालटं झालं.

मी वाळू बोलतेय. खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत तळाशी पसरलेली पांढरी वाळू. आधी मी एका ऑफिसात होते. ते ऑफिस उठलं, तेव्हा तिथे वायरमन असलेल्या विनीतने टाकी, मी आणि दोन केशरी मासे, असं सगळं परळच्या आपल्या चाळीतल्या खोलीत आणलं. त्याची दीड वर्षाची मेघना जेवताना काचेला नाक लावून बसायची. मासा वळला की आ वासायची, तेवढ्यात तिची आई सुचित्रा घास भरवायची. मासे समोर नसले तर पोर जेवायचीच नाही.

मेघनाला नुकतेच जुलाब होऊन गेले होते. सुचित्राने धास्तीच घेतली. पाणी उकळ, चमचे उकळ, खेळणी उकळ. त्यात तिला माझ्यात केसाएवढा किडा वळवळताना दिसला.

"अगं बाई, किडे! आणि पोर त्याच काचेला तोंड लावते!"

तिला काय ठाऊक, ती माझी घरची माणसं. माशांचं उष्टंखरकटं तीच संपवतात. आणि डोळ्यांना न दिसणारे जीव तर माझ्या कणाकणाला चिकटून असतात. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं, ते तेच पचवतात.

तिने मासे बादलीत ठेवले, टाकीतले दगड ब्रशने घासले, मला तांदळासारखं धुतलं आणि वर उकळतं पाणी ओतलं.

"गे बाय, वाळयेक न्हाऊक घालतंस काय भात रांधतंस?" सासूबाई जाईबाई हसल्या.

मग तिने मला परत टाकीत पसरलं आणि मासे सोडले. मी लख्ख दिसत होते. आतून मात्र ओस पडले होते.

चार दिवसांत मासे वर येऊन धापा टाकायला लागले. मेघना घास थुंकायची. सुचित्रा रडवेली झाली. "मी चांगल्यासाठीच केलं हो!"

विनीत ओरडला नाही. त्याने काळाचौकीच्या नानांना फोन लावला. त्यांच्याकडेही अशीच टाकी होती.

"सगळी धुतलीत? अरे, जिवंत असते ती!" फोनमधून नाना म्हणाले. "आता रोज थोडं थोडं पाणी बदला. आणि माझ्याकडची मूठभर वाळू नेऊन वर पसरा. हळूहळू बाकीची जागी होईल."

"म्हणजे विरजण!" सुचित्रा म्हणाली, आणि स्टीलचा डबा घेऊन चपला घातल्यासुद्धा.

"उसन्या विरजणाक जातंस, मोकळ्या हातान जाव नको," म्हणत जाईबाईंनी खोबऱ्याच्या वड्यांची पुडी तिच्या हातात कोंबली.

येताना ती डबा छातीशी धरून चालली. हिंदकळला तर दही मोडेल, अशी. ती मूठभर परकी वाळू माझ्यावर अलगद उतरली. ओली, खारट, गजबजलेली. कितीतरी दिवसांनी घरात पाहुणे आल्यासारखं वाटलं मला.

मासे अशक्त झाले, पण तगले.

काल मेघनाला भरवताना सुचित्रा एकदम किंचाळली. काचेला लागून माझ्यात बारीकसा बोगदा पडला होता.

"आई, या ना लवकर! किडा आलाय आपल्याकडे!"

"हळू गो, दृष्ट लागात तेका," जाईबाई म्हणाल्या.

केशरी मासा वळला. मेघनाने आ केला.

तुमच्या ओळखीत कुणाच्या टाकीत माझी बहीण असेल, तर तिला अशी आंघोळ घालू नका. वरची घाण तेवढी नळीने ओढून घ्या, माशांना खाणं बेताने घाला. कुणाची वाळू मेलीच असेल तर आपल्यातली मूठभर द्या. आणि एवढं शेजारीपाजारी सांगा हं. विरजणाला कुणी नाही म्हणत नाही.