हे कुणाकडचे?

मुलांनो, डोळे मिटा आणि एका जुन्या घरातली बैठकीची खोली समोर आणा. भिंतीचे पोपडे निघालेत आणि मधोमध एका मिशाळ म्हाताऱ्याची भलीमोठी तसबीर आहे. या घरात राहणारी चिमी आपले मार्क सगळ्यांत आधी या आजोबांना सांगायची. त्यांच्या भुवया आधीच कपाळात गेलेल्या होत्या, आणखी वर जायला जागाच नव्हती! आजही तिच्या दप्तरात गणिताचा पेपर दडला होता.

तेवढ्यात रंगारी आला. "भिंत पिवळी करायची की निळी?"

"पिवळ्यावर ही तसबीर शोभायची नाही," बाबा म्हणाले.

"आणि निळ्यावर भूत वाटेल," आई म्हणाली. "पण काढणार कशी? तुमचे पणजोबा ना!"

"माझे? अगं, तुझ्याकडचे म्हणून बारा वर्षं मी त्यांच्या मिशा पुसतोय!"

रंगारी खो खो हसला. "अहो, हे घराबरोबरच आलेत. आधीच्या मालकांच्या वेळीही रंग मीच दिला होता. त्यांचंही हेच भांडण!"

"मग द्या भंगारात!" दोघं एका सुरात म्हणाले.

चिमी पुढे धावली. तिने रंगाऱ्याला तसबीर एका बाजूने धरायला लावली, दुसरी बाजू स्वतः उचलली आणि आजोबांना थेट आपल्या खोलीत नेलं.

"आजपासून हे माझ्याकडचे!" ती दारातून ओरडली. मग तिने दार लावलं आणि दप्तरातून गणिताचा पेपर काढून त्यांच्यापुढे धरला.