चौदा दारांची फेरी

पंचेचाळीस सालच्या नाताळात आमचे मास्तर भर कीर्तनात मटकन खाली बसले. मास्तर म्हणजे माझे यजमान, प्रभुदास मास्तर. वर्षभर मिशनच्या शाळेत खुर्चीत बसायचं आणि नाताळला चिपळ्या घेऊन दोन तास चर्चमध्ये उभं राहायचं, हा त्यांचा परिपाठ. त्या वर्षी कथा मेंढपाळांपर्यंत आली आणि यांचा श्वासच पुरेना. नगरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, “बाई, वजन उतरवा, रोज चालायला लावा. नाहीतर पुढच्या कीर्तनात बसतील ते उठायचे नाहीत.”

कीर्तन सोडा, असं मी म्हणून पाहिलं. मास्तर म्हणाले, “एलिझाबेथ, ते सोडून दुसरं काहीही माग.” मग मी चालणं मागितलं. दोन दिवस चालले, तिसऱ्या दिवशी पाय दुखले, चौथ्या दिवशी ढग आले. असे आठ महिने गेले. मला रागही यायचा आणि भीतीही वाटायची. नाताळ तर काही थांबणार नव्हता.

शेवटी मी पाळकांकडे गेले. योहान पाळक जवळच्याच घोडेगावचे, वयाने तरुण, अंगाने काटक. त्यांनी रविवारी उपासनेत जाहीर करून टाकलं, “यरीहो शहराचा तट पाडायला देवाचे लोक त्याभोवती पायी फिरले. उद्यापासून आपली मंडळी गावाभोवती फिरेल. वाटेत प्रत्येक घरी एक प्रार्थना. मास्तर सगळ्यांच्या पुढे.”

आणि खरोखर निघाले की! पहाटे घंटा वाजली आणि वीसेक माणसं गाणी म्हणत वाटेला लागली. पुढे मास्तर, छाती काढून. मी दारात उभी राहून बघितलं आणि म्हटलं, देवा, आता माझा माणूस वाचला.

फेरी सुरू होण्याआधी फक्रुद्दीनचाचांच्या दुकानात मास्तरांचं वजन केलं होतं; महिन्याने मी त्यांना पुन्हा तिथे नेलं. गावात मोठा काटा तेवढा त्यांच्याकडेच. पोती चढायची तिथे मास्तर चढले. चाचांनी वजनं टाकली, काढली, पुन्हा टाकली. मग टोपी सरकवून म्हणाले, “बाई, मागल्या खेपंला दोन मण बारा शेर हुते. आता दोन मण सोळा शेर हायेत. चालून चालून चार शेर वाढले व्हय?”

मास्तर खाली बघू लागले. दुसऱ्या दिवशी मी पदर खोचला आणि फेरीच्या मागे निघाले.

पहिलं दार यशयाचं. प्रार्थना झाली, आमेन झालं, आणि आतून गुळाचा चहा आला. दुसरं दार बनुबाईंचं. आमेन, आणि परातभर शेंगदाणे-गूळ. तिसऱ्या दारी दूध, चौथ्या दारी गरम गरम धपाटं. दारात प्रार्थना करणाऱ्याला कोरड्या तोंडाने कसं पाठवायचं! आमच्या मंडळीत ते कुणाला जमलंच नसतं. त्यातून मास्तर आजारी, म्हणून त्यांना दुप्पट. अशी घरं चौदा! आणि हा गृहस्थ रोज घरी येऊन मला सांगायचा, “आज भूक नाही गं.” मला वाटायचं, चालून थकले.

त्या बुधवारी प्रार्थनासभा होती. साक्ष द्यायची वेळ आली तशी मी उठले. कुणाला वाटलं असेल, बाई देवाचे उपकार सांगणार.

“तुम्ही सगळे मिळून माझ्या नवऱ्याला मारताय,” मी म्हणाले. “प्रेमाने मारताय, पण मारताय! डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुम्हाला ठाऊक नाही. नाताळात हा माणूस उभ्याउभ्या पडला, तर तुमचा चहा मी कुणाला पाजू?” मी रडायला लागले.

मग बनुबाई कावऱ्याबावऱ्या होऊन म्हणाल्या, “पर बाई, दाराला आलेल्याला रिकाम्या हातानं कसं लावून द्यायचं? आमी काय द्यावं, ते तरी सांगा!”

“काम द्या,” योहान पाळक म्हणाले. “प्रार्थनेनंतर प्रत्येक घरात एक काम. खायला काही नाही.”

मग काय विचारता! यशयाकडे विहिरीचं पाणी शेंदायचं, पुढच्या घरी लाकडं फोडायची, आणि बनुबाईंकडे चक्क जातं. पुरुष जात्यावर बसले म्हणून गावभर हसू झालं. बघायला आलेल्या केशरबाई म्हणाल्या, “मास्तर, खुंटा असा न्हाई धरायचा, सरका तिकडं!” आणि पलीकडे बसून त्याही ओढू लागल्या. मास्तर घामाघूम झाले. पण दोन दिवसांत त्यांनी जात्यावर कीर्तनातली पदंच म्हणायला घेतली. दळता दळता गायचं म्हणजे श्वास बेतानेच सोडावा लागतो. आधी एका ओळीत तीनदा थांबायचे, मग दोनदा. ज्या दिवशी अख्खं कडवं एका दमात म्हटलं, त्या दिवशी बायकांनी टाळ्या पिटल्या आणि पीठ सांडलं. यशयाचे गुडघे मोकळे झाले, पाळकांची पोरं फेरीत पळू लागली, फक्रुद्दीनचाचासुद्धा वेशीपासून ओढ्यापर्यंत सोबत येऊ लागले.

नाताळ आला. चर्च खच्चून भरलं, माणसं खिडक्यांत चढली. मास्तर उभे राहिले. जन्माची कथा रंगत गेली आणि मेंढपाळ आले. मी त्यांचे श्वास मोजू लागले. यशया तर कोपऱ्यातली खुर्ची उचलून तयारच होता. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, चिपळ्यांनीच “ठेव खाली” अशी खूण केली आणि वरच्या पट्टीत पद उचललं. कडवं एका दमात! पेटीवाला मागे पडला. लोक उठून नाचायला लागले, बनुबाई नाचल्या, पाळक नाचले. मी कशी नाचले ते मला आठवत नाही. दोन तास झाले, वर आणखी पाव तास झाला, तरी मास्तर उभेच.

आरती झाल्यावर ते गर्दीतून सरळ बायकांच्या बाजूला आले. चारचौघांत त्यांनी कधी माझं नावही घेतलं नव्हतं. त्यांनी अख्ख्या मंडळीसमोर माझा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला.

“बघ,” ते म्हणाले.

मी पाहिलं. त्यांचं काळीज शांत, एका लयीत चाललं होतं. धडधडत होतं ते माझंच. सगळे बघत होते, तरी मी हात काढला नाही.